ऑफिस घरी आले, त्याची व्यवस्था मागे राहिली

हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा पवईतल्या मोठ्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसाच्या मागे एक अख्खी व्यवस्था उभी असते आणि ती बहुधा त्याच्या लक्षातही येत नाही. वायरिंग बघायला इलेक्ट्रिशियन असतो. संगणक अडला की आयटीवाला जागेवर येतो. खुर्ची मोडली की फॅसिलिटीवाले बदलून देतात. दारात सुरक्षारक्षक ओळखपत्र तपासतो. दुपारी शेजारचा सहकारी ‘चला जेवायला’ म्हणून उठवतो आणि संध्याकाळी कंपनीची बस सुटायची असते, म्हणून काम थांबते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लॅपटॉप घरी आले, ही माणसे आली नाहीत. टाळेबंदी कधीच संपली. अनेक कंपन्यांत आठवड्याचे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून असा मेळ बसला आहे, काही जण पूर्णवेळ घरूनच काम करतात. पण इलेक्ट्रिशियनचे, रक्षकाचे, जेवायला उठवणाऱ्याचे आणि बसचे काम घरात कोणी करायचे, हे बहुतेक घरांत अजूनही ठरलेले नाही. घरून काम करताना होणारा त्रास, मग तो मानेचा असो, पैशांचा असो की नात्यांचा, बराचसा या न ठरलेल्या कामांतून येतो. म्हणून ही कामे एकेक करून बघू आणि कोणते कसे करायचे ते ठरवू.

आधी वीज

सुरुवात विजेपासून करायची, कारण बाकीच्या चुका महिन्यांनी भोवतात, ही एका क्षणात भोवू शकते. आपल्याकडच्या जुन्या फ्लॅटमध्ये बेडरूमला एक-दोनच प्लग पॉइंट असतात. तिथे लॅपटॉप, मॉनिटर, राउटर, मोबाइलचे चार्जर आणि टेबलफॅन असे सगळे एका एक्स्टेन्शन बोर्डावर चढते. एवढ्याने सहसा काही होत नाही, कारण लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅटचा असतो. धोका पुढे आहे. हिवाळ्यात कोणी त्याच बोर्डावर रूम हीटर लावते, कोणी इस्त्री, कोणी पाण्याची किटली. घरातल्या लहान, म्हणजे ६ अँपियरच्या सॉकेटवर एकूण भार तेराशे-चौदाशे वॅटच्या पुढे जाऊ नये. एकटी किटलीच बहुधा दीड हजार वॅटची असते. तापवणारी कोणतीही वस्तू १६ अँपियरच्या मोठ्या पॉइंटवरच लावायची आणि कामाच्या बोर्डापासून दूर ठेवायची. बोर्ड आयएसआय चिन्हाचा घ्यायचा, एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसायचा नाही आणि वायर गालिचाखालून किंवा दाराच्या फटीतून न्यायची नाही.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. बहुतेक वेळा अर्थिंग मिळत नसल्याची ती खूण असते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावला असेल, किंवा इमारतीचे अर्थिंगच निकामी झालेले असेल. इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन गोष्टी तपासून घ्या: अर्थिंग आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे आरसीसीबी. मुख्य पेटीतल्या एमसीबीवर विसंबून राहू नका. एमसीबी जास्तीच्या भारापासून वायर वाचवतो, शॉक बसणाऱ्या माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी लागते. त्यावर टेस्टचे बटण असते. महिन्यातून एकदा लॅपटॉप बंद करून ते दाबा. पुरवठा तुटला पाहिजे. तुटला नाही तर ते यंत्र बदला.

उशीवर किंवा गादीवर ठेवलेला लॅपटॉप तापतो, कारण त्याची हवा खालून येते आणि कापूस ती अडवतो. टचपॅड वर आल्यासारखे दिसले किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता असते. चार्जिंग लगेच थांबवा, ती दाबू किंवा टोचू नका, कंपनीला कळवा. वळवाचे आणि परतीचे पाऊस आपल्याकडे विजा घेऊन येतात. कडकडाट सुरू झाला की चार्जर आणि राउटरची केबल भिंतीतून काढून ठेवा आणि तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची पाण्याची बॅटरी हवेशीर जागीच हवी. चार्ज होताना तिच्यातून ज्वलनशील वायू सुटतो, म्हणून बंद कपाट किंवा देवघराखालचा कप्पा ही तिची जागा नव्हे.

बसायचे कुठे आणि कसे

लॅपटॉपची मूळ अडचण अशी की त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात, हात जागेवर आणले तर मान खाली जाते. आठ तास दोन्ही सांभाळणे शक्य नाही. म्हणून घरून काम करणाऱ्याने पहिला खर्च करायचा तो वेगळ्या कीबोर्डवर आणि माउसवर. महागडी खुर्ची नंतर. लॅपटॉप जाड पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली येईल. पडदा हात लांब केल्यावर बोटे टेकतील एवढ्या अंतरावर असू द्या. ज्यांना दुहेरी भिंगाचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे त्यांनी पडदा याहून खाली ठेवावा. नाहीतर खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी दिवसभर वर राहते आणि मानेचे दुखणे मागच्या बाजूने सुरू होते. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी जणांची मान याच एका कारणाने दुखते आणि उपाय मात्र उशी बदलण्याचा केला जातो.

घरातले जेवणाचे टेबल साधारण अडीच फूट उंच असते. पावणेसहा फुटांच्या माणसाला ते चालून जाते. पाच फुटांच्या बाईला ते उंच पडते, टाइप करताना खांदे कानांकडे चढतात आणि संध्याकाळपर्यंत पाठीचा वरचा भाग दगडासारखा होतो. अशा वेळी टेबल कापता येत नाही, बसणारीला उंच करता येते. खुर्चीवर घट्ट, न दबणारी उशी ठेवा, कोपरे टेबलाच्या पातळीला येऊ द्या. मग पाय अधांतरी राहतात, त्यांच्याखाली जेवणाचा पाट किंवा उलटा केलेला लाकडी खोका सरकवा. पायांना टेकू नसेल तर मांडीच्या मागच्या शिरा दबतात आणि पाय सुन्न पडतात. कमरेच्या खोबणीत गुंडाळलेला टॉवेल ठेवला तर साध्या लाकडी खुर्चीवरही बरेच निभावते.

जमिनीवर मांडी घालून बसण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ती सोडावी असे मी म्हणणार नाही. दुकानातली हिशेबाची उतरती डेस्क पुढे ठेवून आपल्याकडच्या पिढ्यांनी कामे केली. पण ते काम हाताने लिहिण्याचे होते आणि माणूस मधे दहादा उठत होता. जमिनीवर बसायचे तर समोर बैठे डेस्क हवे, पाठ भिंतीला हवी आणि तासाभराने जागा बदलायला हवी. पलंगावर पाय पसरून, लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करण्याला मात्र माझी ठाम हरकत आहे. त्यात मान, कंबर आणि झोप तिन्ही बिघडतात, कारण जिथे दिवसभर कॉल झाले तिथेच रात्री मन निवत नाही. उभे राहून काम करावेसे वाटले तर इस्त्रीचे टेबल वापरून बघा, त्याची उंची बदलता येते. स्वयंपाकाचा ओटा टाइप करायला बहुतेकांना ठेंगणा पडतो, पण केवळ ऐकायचा कॉल तिथे उभ्याने सहज होतो.

कितीही चांगली बैठक असली तरी अर्ध्या तासाने उठले पाहिजे. पाण्याची मोठी बाटली टेबलाशी ठेवू नका. छोटा तांब्या ठेवा, म्हणजे भरायला उठावे लागेल. डोळ्यांसाठी सांगायला सोपा नियम आहे: दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद बघायचे. पडद्याकडे बघताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते आणि डोळे कोरडे पडतात, त्यात पंखा थेट तोंडावर असेल तर आणखी. खिडकी पडद्याच्या मागे किंवा पाठीमागे नको, बाजूला हवी. हेडफोनचा आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांपुढे नेऊ नका. कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारचे ड्रिल यांच्यावर मात करायला आवाज वाढवण्यापेक्षा बाहेरचा गोंगाट रोखणारे हेडफोन घेणे कानांना स्वस्त पडते.

अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील आणि त्या रात्री वाढत असतील, किंवा मानेतून हाताकडे, कमरेतून पायाकडे कळ उतरत असेल, हाताची पकड कमजोर वाटत असेल, तर मलम चोळत महिने काढू नका. डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला बैठक बदलून आणि व्यायामाने भागणारी गोष्ट उशीर केल्यावर शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते.

घड्याळ कोणाचे

बस सुटायची म्हणून काम थांबायचे, हे वर आले. घरी बस नाही. त्यात ज्यांचे काम अमेरिकेशी किंवा ब्रिटनशी जोडलेले आहे, त्यांच्या घरात वर्षातून दोनदा वेळ सरकते आणि त्याची घरच्यांना कल्पनाच नसते. न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७ वाजता असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळे एक तास मागे जातात आणि तीच मीटिंग ८ वाजता येते, ऐन जेवणाच्या वेळी. कॅलिफोर्नियाची सकाळी नऊची मीटिंग साडेनऊवरून रात्री साडेदहावर जाते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सगळे पुन्हा बदलते. ब्रिटनचे बदल ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी होतात. या तारखा घरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. ‘हल्ली रोज उशीर का होतो?’ या प्रश्नावरची पुष्कळ भांडणे एवढ्याने टळतील, आणि त्या चार महिन्यांत सकाळी एक तास उशिरा सुरुवात करण्याची मागणीही वरिष्ठांकडे आधीच करता येईल. रात्री तास वाढवायचा आणि सकाळचा तसाच ठेवायचा, हे अनेक घरांत नकळत होऊन बसले आहे.

दीर्घ तासांबद्दल मी इतके आवर्जून लिहितो आहे त्याला कारण आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एकत्र प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. रोज अकरा तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे ५५. घरून काम करणाऱ्याने आपले तास खरोखर मोजावेत: पहिला मेसेज किती वाजता वाचला आणि शेवटचा किती वाजता. पंधरा दिवस वहीत लिहिले तरी चित्र स्पष्ट होते.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून बाहेर राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी या हक्कासाठी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तूर्त ही बस आपणच सोडायची आहे. दिवस संपल्याची एक ठाम, अंगमेहनतीची खूण ठरवा: लॅपटॉप बंद करून बॅगेत, बॅग कपाटात आणि स्वतः जिना उतरून खाली. दूध आणा, भाजी आणा, सोसायटीला दोन फेऱ्या मारा. ऑफिसचे ॲप खासगी मोबाइलवर ठेवावेच लागत असेल तर त्याची सूचना ठरल्या वेळेनंतर आपोआप बंद होण्याची सोय फोनमध्ये असते, ती चालू करा. दुपारच्या जेवणाची अर्ध्या तासाची जागा कॅलेंडरवर आधीच अडवून ठेवा. रिकामी दिसली की तिथे कोणीतरी मीटिंग टाकतेच.

घर इतरांचेही आहे

घरून काम करण्यावरचे बहुतेक सल्ले स्वतंत्र खोली गृहीत धरतात. वन बीएचकेमध्ये दोघे नवरा-बायको, एक शाळकरी मूल आणि सासूबाई असतील तर स्वतंत्र खोली कुठून आणायची? तिथे जागेपेक्षा वेळेची वाटणी कामी येते. रविवारी संध्याकाळी दोघांनी आपापल्या आठवड्याचे कॉल समोर ठेवावेत. ज्याचा कॉल बोलण्याचा आहे त्याला दार असलेली खोली, ज्याचा ऐकण्याचा आहे त्याला हॉल. सकाळी दहा ते बारा दाराची बेल कोण उघडणार, गॅसचा सिलिंडर आला तर कोण घेणार, कामाच्या मावशी आल्यावर कोणती खोली आधी, हे लिहून फ्रिजवर लावा. यात लाजण्यासारखे काही नाही. ऑफिसात यासाठी रिसेप्शन असते.

घरातल्या आजी-आजोबांची बाजूही बघायला हवी. ज्यांची दुपार टीव्हीवरच्या मालिकेत जात होती, त्यांना आता ‘आवाज कमी करा’ दिवसातून दहा वेळा ऐकावे लागते. स्वतःच्याच घरात त्यांनी चोरपावलांनी का वावरायचे? टीव्हीसाठी बिनतारी हेडफोन आणून द्या, आणि दुपारचा एक तास असा ठेवा की तेव्हा तुम्ही कॉल घेणार नाही, घर नेहमीसारखे आवाज करील. लहान मुलांना ‘काम चालू आहे’ हे कळत नाही, खूण कळते. गळ्यात हेडफोन असला तर बोलता येईल, कानावर असला तर थांबायचे, एवढी खूण चार वर्षांचे मूलही पाळते. मात्र कॉल संपल्यावर खरेच त्याच्याकडे गेले पाहिजे. दोनदा ‘आलो हं’ म्हणून गेला नाहीत तर तिसऱ्यांदा ते मूल खुणेवर विश्वास ठेवणार नाही.

सगळ्यात कठीण गोष्ट बायकांच्या वाट्याची आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटे, असे दिसले. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. बाई ऑफिसला जाते तेव्हा यातले काही काम निदान तिच्या नसण्याने इतरांवर पडते किंवा पुढे ढकलले जाते. ती घरी असते तेव्हा दोन कॉलच्या मधल्या दहा मिनिटांत कणीक मळली जाते, कपडे वाळत पडतात, पाहुण्यांना चहा होतो. तिची विश्रांती नेमकी याच फटींतून गळते. ‘घरीच तर आहेस’ हे वाक्य बोलणाऱ्याला साधे वाटते, पण त्याने तिच्या नोकरीची किंमत पुसली जाते. म्हणून माझे सांगणे घरातल्या पुरुषांना आहे: मदत करू नका, कामे स्वतःच्या नावावर घ्या. सकाळचा नाश्ता आणि रात्रीची भांडी तुमची, असे ठरले की ती कामे तिने आठवण करून देण्याचीही गरज उरू नये. आठवण करून देणे हेही कामच आहे.

बाळंतपणानंतर परतणाऱ्या आयांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूदही आली. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. मागताना एक पथ्य पाळा: घरून काम म्हणजे बाळ सांभाळत काम, असे कबूल करू नका. बाळाला त्या तासांत दुसरे माणूस लागेलच.

दारावरचा रक्षक

ऑफिसातला रक्षक अनोळखी माणसाला आत सोडत नाही. घरात ही राखण राउटर, पासवर्ड आणि तुमचा संशयी स्वभाव यांनी करायची आहे. केबलवाल्याने राउटर बसवताना दिलेला मूळ पासवर्ड आजच बदला. वायफायचाही आणि राउटरच्या सेटिंगचाही, ते दोन वेगळे असतात. पाहुण्यांसाठी आणि स्मार्ट टीव्हीसाठी गेस्ट नेटवर्क ठेवा, ऑफिसचा लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर एकटा असू द्या. तो लॅपटॉप मुलाच्या प्रोजेक्टसाठी, गेमसाठी किंवा आजोबांच्या वीजबिलासाठी वापरायचा नाही. ऑफिसची फाइल घाईत स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. कॅमेऱ्याला सरकती चकती लावा आणि पडदा शेअर करताना पूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी शेअर करा.

फसवणूक करणारे घरून काम करणाऱ्याचा एकटेपणा हेरतात. ऑफिसात संशयास्पद फोन आला तर शेजारच्याला विचारता येते, घरी विचारायला कोणी नसते. ‘मी तुमच्या आयटी विभागातून बोलतोय, एनीडेस्क उघडा’ असे म्हणून कोणी दुरून संगणक चालवू देणारे हे ॲप उघडायला लावले तर फोन ठेवा आणि कंपनीच्या माहीत असलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. तुम्ही लॉगिन केलेले नसताना मोबाइलवर लॉगिनला मंजुरी मागणाऱ्या सूचना पुन्हा पुन्हा येऊ लागल्या तर कंटाळून मंजुरी देऊ नका. तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला आहे, हे त्यातून कळते. पासवर्ड बदला, कंपनीला कळवा. वरिष्ठांच्या नावाने नव्या नंबरवरून ‘मीटिंगमध्ये आहे, तातडीने पैसे पाठव’ असा मेसेज आला तर त्यांच्या जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय हलू नका. आणि स्वतःला पोलीस किंवा सीबीआय म्हणवणारा कोणी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ सांगत असेल तर लक्षात ठेवा, भारतीय कायद्यात अशी अटकच नाही.

घरून काम शोधणाऱ्या गृहिणी आणि विद्यार्थ्यांसाठी तर हे अधिकच कळकळीने लिहायला हवे, कारण त्यांचे थोडके साठवलेले पैसे जातात. तीन सापळे ओळखून ठेवा. पहिल्यात टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायला किंवा हॉटेलांना रेटिंग द्यायला सांगतात, सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर जमा करतात आणि मग मोठ्या कामासाठी तुमच्याकडूनच आगाऊ पैसे मागतात. दुसऱ्यात डेटा एंट्रीचे काम देतात, करारावर सही घेतात, नंतर ‘चुका जास्त झाल्या, करारभंग झाला’ म्हणून वकिलाच्या नावाची बनावट नोटीस पाठवून दंड उकळतात. अशा नोटिशीला घाबरून एक पैसाही भरू नका, ती घेऊन पोलिसांकडे जा. तिसरा सगळ्यात घातक: ‘आमचे पैसे तुमच्या खात्यात येतील, तुम्ही कमिशन ठेवून पुढे पाठवा.’ ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे असतात. खाते गोठते आणि चौकशी तुमची होते. नोकरी देणारा कोणत्याही नावाखाली पैसे मागू लागला की तिथेच थांबायचे.

पैसे गेलेच तर लाज बाजूला ठेवून ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवा आणि सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येतात, म्हणून पहिला तास मोलाचा. घरच्यांनीही ‘एवढे कसे कळले नाही’ हा प्रश्न त्या तासात विचारू नये.

पडद्याआडचा आणि दाराआडचा त्रास

रात्री अकराला विनाकारण व्हिडिओ सुरू करायला लावणे, बेडरूममधल्या पार्श्वभूमीवर शेरे, चॅटवर घाणेरडे विनोद: हे सहन करण्याचे काही कारण नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहते घरही आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रियांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. स्क्रीनशॉट तारखेसह लगेच काढून खासगी जागी ठेवा, चॅट पुसले जातात.

काही बायकांसाठी ऑफिस हीच दिवसातली सुरक्षित जागा असते आणि घर नाही. घरून काम त्यांच्यावर लादले जाऊ नये. तुमची अशी स्थिती असेल तर वरिष्ठांना कारण न सांगताही ऑफिसातून काम करण्याची विनंती करता येते. स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर चालू आहेत. सहकारी म्हणून तुम्ही कॉलवर काही ऐकले असेल तर ‘म्यूट कर’ म्हणून मोकळे होऊ नका, नंतर एकट्यात विचारा.

एकटे राहून काम करणाऱ्यांचे दुखणे याहून निराळे असते. परगावाहून पुण्यात आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलामुलींचा कधी कधी अख्खा दिवस पडद्याखेरीज कोणाशी न बोलता जातो. त्यांनी आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला किंवा निदान अभ्यासिकेत जावे, खानावळीचा डबा खोलीवर न मागवता तिथे जाऊन जेवावे. झोप, भूक, कामातले लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेले असेल, कशातच रस वाटेनासा झाला असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येते. तिथे बोलायला आजारी असायची अट नाही.

गावाकडून काम करणाऱ्यांसाठी थोडेसे. कोकणातल्या घरी बसून काम करणे सुखाचे आहे, पण ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळाने काही गावांची वीज कित्येक दिवस नेली होती. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे, राउटरसाठी छोटा यूपीएस, महावितरणचा १९१२ हा नंबर आणि जवळच्या गावात वीज-नेट दोन्ही असलेली एक ठरलेली जागा, एवढी तयारी मे संपायच्या आत करा. पावसाळ्यात एखादा दिवस तुम्ही दिसणार नाही, हे टीमला आधीच सांगून ठेवा.

कंपनीला काय लिहायचे

वरची बरीच कामे आपली असली तरी सगळी नाहीत. कंपनी जागेचे भाडे, वीज आणि खुर्ची वाचवत असेल तर तिच्याकडे काही मागणे रास्त आहे. तोंडी बोललेले मॅनेजर बदलला की विरते, म्हणून ईमेल करा. त्यात स्वतंत्र कीबोर्ड, माउस आणि शक्य तर खुर्ची व यूपीएस मागा. तुम्ही संपर्कात असण्याच्या वेळा लिहा, नोव्हेंबर ते मार्चच्या वेगळ्या लिहा. त्या वेळेबाहेर खरोखर तातडी आली तर कोणी, कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि तातडी कशाला म्हणायचे, हे विचारा. वीज किंवा नेट गेल्यास तो वेळ कसा धरला जाईल ते स्पष्ट करून घ्या. लॅपटॉप हरवला किंवा संशयास्पद काही घडले तर रात्री-अपरात्री कोणाला कळवायचे, तो नंबर मागून घ्या आणि कागदावरही लिहून ठेवा, कारण तेव्हा लॅपटॉप उघडता येणार नाही. भाषा विनंतीची असू द्या, तपशील मात्र नेमके द्या. आणि पाठवण्याआधी तो मजकूर घरातल्यांना वाचून दाखवा. त्यातल्या वेळा त्यांच्याही आहेत, आणि रात्रीच्या साडेदहाच्या कॉलला कोणाची झोप मोडणार आहे ते त्यांनाच जास्त नेमके सांगता येईल.